फिरतीवरच्या लोकांच्या फोनमध्ये ऑफिसची मेल रेंजशिवाय उघडायला हवी. तुम्ही काय सेटिंग ठेवता?

रॅक नंबर २ | सोम, स. ९:१०

नमस्कार मंडळी. ऑफिस पुण्यात, काम पंप आणि व्हॉल्व्हच्या सर्व्हिसिंगचं. चाळीसेक इंजिनिअर कायम फिरतीवर. पोफळीचं भूमिगत वीजगृह, कोकणातल्या पाणीयोजनांच्या जॅकवेल (पाणी उपसायच्या विहिरी), चाकणच्या कारखान्यांची तळघरं. रेंज एक तर नसतेच, असली तर एक काडी. मेल सर्व्हर स्वतःचा: मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलचे डबे सांभाळायला डव्हकॉट, फोन जोडतात आयमॅपने (मेल सर्व्हरवर ठेवून फोनवर दाखवायची पद्धत), पोर्ट ९९३ वर. फोन कंपनीनेच दिलेले अँड्रॉइड, ६४ जीबीवाले. त्यावर थंडरबर्ड (पूर्वीचं के-नाइन) टाकलंय. पाच-सहा साहेबांकडे आयफोन.

तक्रार एकच. मेलचा विषय दिसतो, टिचकी मारली की गोल फिरत राहतं. ड्रॉइंगच्या पीडीएफचं तर नावच नको.

किती दिवसांची मेल फोनवर ठेवावी? ३० दिवस ठेवायचा विचार आहे, सगळीकडे तोच आकडा दिसतो. आणि आयमॅपवर भागेल की मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्हसिंक पद्धत लागेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

९९३ | सोम, स. ९:४२

दिवसांचा प्रश्न नंतर. आधी मेलचा कुठला भाग फोनवर उतरतोय ते बघा. क्लायंट (फोनवरचं मेल अ‍ॅप) हेडर (विषय, पाठवणारा वगैरे), मजकूर आणि अटॅचमेंट अशा तीन हप्त्यांत मेल उतरवतो. तुमच्याकडे पहिलाच हप्ता पोचतोय.

थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज, त्यात 'फेचिंग मेल'. तिथे दोन आकडे महत्त्वाचे.

पहिला 'लोकल फोल्डर साइझ'. हा दिवसांत नसतो, मेलच्या संख्येत असतो. १०० ठेवलं आणि माणसाला रोज ५० मेल येत असतील तर दोन दिवसांचाच माल फोनवर. ३० दिवस हवे असतील तर १५०० लागतील, म्हणजे यादीतला पुढचा पर्याय २५०० घ्या.

दुसरा 'फेच मेसेजेस अप टू'. एवढ्या आकारापर्यंतची मेल आपोआप पूर्ण उतरते, अटॅचमेंटसकट. त्याहून मोठी असेल तर तुकडाच येतो आणि खाली 'डाउनलोड कम्प्लीट मेसेज' बटण दिसतं. तळघरात ते बटण दाबून काय होणार? मूळ सेटिंग केबीमध्ये असतं, तुम्हाला एमबीत न्यावं लागेल.

यात एक खाच आहे. आकार मोजला जातो तो बेस-६४ (मेलमधून जाण्यासाठी फाइल अक्षरांत बदलायची पद्धत) झालेल्या मेलचा. मूळ फाइल तिथे साधारण ३७ टक्क्यांनी फुगते. ४ एमबीची पीडीएफ मेलमध्ये साडेपाच एमबीच्या आसपास जाते. ५ एमबीची मर्यादा ठेवून 'चार एमबीचं ड्रॉइंग का उतरत नाही' असं विचारणारे खूप भेटतात. १० एमबी ठेवा.

गावठी अ‍ॅडमिन | सोम, स. ९:५५

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका ड्रॉइंग. धागा संपला.

९९३ | सोम, स. ९:५८

आणि मग 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखालून रिव्हिजन सी वर काढायचं की डी, ते इंजिनिअरने जॅकवेलमध्ये उतरून ठरवायचं. चालेल.

उंटावरचा शहाणा | सोम, स. १०:३०

अंदाजाने आकडे टाकू नका, सर्व्हर तुमच्या हातात आहे. डव्हएडीएमच्या (डव्हकॉटच्या कमांडच्या) 'सर्च'मध्ये युजर द्या, मेलबॉक्स इनबॉक्स, 'सिन्स ३०डी', आणि ओळी मोजा. महिन्याची संख्या मिळाली. मग त्यालाच 'लार्जर ५एम' जोडा, मोठ्या मेल किती ते कळेल. 'मेलबॉक्स स्टेटस'मध्ये 'व्हीसाइझ' मागितलं की फोल्डरचा एकूण आकार.

चाळीसही जणांचं काढा, सरासरी घेऊ नका. सर्वात जड डबा ज्याचा, त्याच्या फोनवर काय होईल ते बघा. ६४ जीबीच्या फोनमध्ये सिस्टिम, अ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ जाऊन काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. मेलला ३-४ जीबी धरून चला. जागा संपत आली की फोन तसं स्पष्ट सांगत नाही, सिंक नुसतं अडकतं आणि शिव्या सर्व्हरला पडतात.

रेवती_पी | सोम, स. ११:०५

फोल्डरचं कुणी बोललंच नाही. ऑफिसमध्ये लोक सीव्हचे (सर्व्हरवर मेल आपोआप वेगळी काढणारे) नियम लावून ठेवतात: अमुक ग्राहकाची मेल अमुक फोल्डरमध्ये. डेस्कटॉपवर छान दिसतं. फोनवर मात्र सिंक असतं फक्त इनबॉक्सला. म्हणजे नेमकी साइटची मेलच फोनवर नाही!

दोन उपाय. एक, फोनवर त्या फोल्डरचं सिंक चालू करायचं, दर फोल्डरला, दर फोनवर. चाळीस फोन म्हणजे हमाली. दोन, सीव्हच्या 'फाइलइंटू'ला ':कॉपी' जोडायचं, म्हणजे मेल फोल्डरमध्येही जाईल आणि इनबॉक्समध्येही राहील. डबा फुगतो, पण फोनला हात लावावा लागत नाही. मी मधला मार्ग सुचवेन. 'साइट' नावाचं एकच फोल्डर करा, ड्रॉइंगच्या मेलची प्रत तिथे टाका आणि फोनवर इनबॉक्स व साइट असे दोनच सिंक ठेवा. साइट फोल्डरला लोकल साइझचा प्रश्न येतच नाही, कारण त्यात मेल मोजक्याच. काम संपलं की सर्व्हरवरून 'एक्सपंज'चा (मेल पुसायच्या आदेशाचा) क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावून साठ दिवसांपुढच्या प्रती उडवा.

'सेंट'सुद्धा विसरू नका. 'मी काय दर पाठवला होता' हा प्रश्न ग्राहकासमोरच पडतो.

उंटावरचा शहाणा | सोम, स. ११:१५

+१. साइट फोल्डरची कल्पना आवडली.

जुना पॉप | सोम, दु. १२:२०

एवढं कशाला? आयमॅपऐवजी पॉप-३ लावा, 'लीव्ह ए कॉपी ऑन सर्व्हर' टिक करा. अख्खी मेल अटॅचमेंटसकट फोनवर येते. कॅशिंगचा (मेल फोनवर साठवायचा) प्रश्नच मिटला.

रेवती_पी | सोम, दु. १२:३१

येते ना काका. पण फोनवर वाचलेली मेल लॅपटॉपवर न वाचलेली राहते, फोनवरून पाठवलेली सर्व्हरच्या सेंटमध्ये जात नाही, आणि इनबॉक्सखेरीज फोल्डर दिसतच नाहीत. चाळीस माणसांत रोज 'तू उत्तर दिलंस का मी देऊ' सुरू होईल.

जुना पॉप | सोम, दु. १२:४०

काका नका म्हणू हो. बाकी मान्य.

कोकणपोर्ट | सोम, दु. २:१५

वर सांगितलेलं सगळं केलं तरी एक गोष्ट राहतेच. सिंक व्हायला हवं रेंज असताना, आणि नेमकं तेव्हा अँड्रॉइड अ‍ॅपला झोपवतो. अँड्रॉइड ६ पासून डोझ आहे. फोन खिशात स्वस्थ पडला, स्क्रीन बंद, की नेटवर्क तोडतो आणि मधूनमधून एक खिडकी उघडतो. इंजिनिअर चिपळूणहून निघतो तेव्हा फुल रेंज असते, पोफळीत पोचतो तेव्हा नसते. मधल्या वाटेत फोन झोपलेला.

म्हणून थंडरबर्डला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा. नव्या अँड्रॉइडवर 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' परवानगीही द्या, नाहीतर पुश (मेल आली की लगेच फोनवर येणं) नीट चालत नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय 'ऑटोस्टार्ट' नावाचा वेगळा खटका असतो आणि 'रीसेंट्स'मधून अ‍ॅप सरकवलं की प्रक्रियाच मारली जाते. तिथे अ‍ॅपला कुलूप लावायची सोय असते, ते लावा. पुशची जी कायमची सूचना वर दिसते ती नकोशी म्हणून लोक बंद करतात, तेही सांगून ठेवा.

सर्व्हरच्या बाजूला: आयमॅप आयडलमध्ये (नव्या मेलची वाट बघत जोडणी उघडी ठेवणं, पुश यावरच चालतं) क्लायंटने २९ मिनिटांच्या आत जोडणी ताजी करायची असते. मोबाइल कंपन्यांचं नॅट (अनेक फोन एकाच पत्त्यामागे जोडणारी यंत्रणा) त्याच्या बरंच आधी गप्प जोडणी तोडतं. फोनला ते कळत नाही, तो आपला वाट बघत बसतो. 'रीफ्रेश आयडल कनेक्शन' २४ मिनिटांवर असेल तर १२ किंवा ६ करून बघा. बॅटरी थोडी खाईल.

उलट डव्हकॉटचा 'आयमॅप_आयडल_नोटिफाय_इंटरव्हल' दोन मिनिटांवर असतो. तो दर दोन मिनिटांनी 'स्टिल हिअर' म्हणून फोनचा रेडिओ जागा करतो. तो वाढवा. पण दोन्ही एकदम बदलू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही.

गावठी अ‍ॅडमिन | सोम, दु. २:२२

'स्टिल हिअर, स्टिल हिअर'. आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा एवढ्या वेळा शिट्टी मारत नाही.

९९३ | सोम, दु. २:५०

कोकणपोर्ट यांना पुरवणी. पुश जेवढ्या फोल्डरांना, तेवढ्या जोडण्या उघड्या. डव्हकॉटमध्ये 'मेल_मॅक्स_युजरआयपी_कनेक्शन्स' मूळचं १० असतं. फोन, टॅब आणि लॅपटॉप एकाच ऑफिस वायफायवर, प्रत्येकावर चार फोल्डर, की बारा झाल्या. लॉगमध्ये 'मॅक्झिमम नंबर ऑफ कनेक्शन्स' दिसेल आणि फोन उगाच पासवर्ड विचारू लागेल. ३०-४० करून टाका.

स्पूलर | सोम, दु. ४:०५

सगळे येणाऱ्या मेलबद्दल बोलताहेत. जाणाऱ्या मेलचं काय? साइटवरून इंजिनिअर नेमप्लेटचे फोटो पाठवणार, रेंज नाही, मेल आउटबॉक्समध्ये. वर आला, रेंज मिळाली, तरी जात नाही. का?

पोस्टफिक्सचं 'मेसेज_साइझ_लिमिट' मूळचं १०२४०००० बाइट (सुमारे १० एमबी). वर म्हटलेला बेस-६४चा फुगवटा धरला तर मूळ फाइल साडेसात एमबीच्या आतच हवी. आजच्या फोनचे दोन फोटो जोडले की ओलांडली. वायफायवर असता तर सर्व्हरने लगेच नकार दिला असता आणि माणसाने फोटो लहान केले असते. इथे नकार तासाभराने येतो, तोवर माणूस गाडीत झोपलेला असतो, आणि आउटबॉक्समध्ये एक चूक-चिन्ह पडून राहतं. मर्यादा २६२१४४०० (२५ एमबी) करा, आणि फोटो जोडतानाच आकार कमी करायची सवय लावा. नेमप्लेट वाचायला १२ मेगापिक्सेल लागत नाहीत.

दुसरी गंमत म्हणजे दुहेरी मेल. एक काडी रेंजवर मेल सर्व्हरला पूर्ण पोचते, सर्व्हर '२५०' (मेल मिळाली) म्हणतो, आणि ते उत्तर फोनपर्यंत यायच्या आत रेंज जाते. फोनच्या मते मेल गेलीच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. ग्राहकाला तेच कोटेशन दोनदा! क्लायंट मेसेज-आयडी (मेलची ओळखखूण) तोच ठेवत असेल तर तुमच्या बाजूला सीव्हचं 'डुप्लिकेट' एक्स्टेन्शन दुसरी प्रत पकडतं. बाहेर गेलेल्या मेलला मात्र इलाज नाही.

टेबलफॅन | सोम, दु. ४:३०

अवांतर: पोफळीला जाताना कुंभार्ली घाटात चहा कुठे चांगला मिळतो?

स्पूलर | सोम, दु. ४:३३

जिथे दोन काड्या रेंज असते तिथे थांबा, मेलही उतरेल.

चावीवाला | मंगळ, स. ८:५०

मला या सगळ्याचीच भीती वाटते. तुम्ही १० एमबीपर्यंतच्या मेल, अडीच हजार, ड्रॉइंगसकट, चाळीस फोनवर पसरवताय. फोन एसटीत राहिला तर?

आयमॅपमध्ये दूरून पुसायची सोयच नाही. पासवर्ड बदललात तर नवी मेल थांबेल, उतरलेली तशीच राहील. एमडीएम (कंपनीचे फोन दूरून सांभाळायची यंत्रणा) असला तरी 'वाइप'चा आदेश फोन नेटवर आल्यावरच पोचतो. चोर पहिल्यांदा सिम काढतो. म्हणजे ऑफलाइन कॅश आणि दूरून वाइप यांचं मुळातच जुळत नाही.

त्यामुळे माझा आग्रह: ७ दिवस, मजकूर फक्त, अटॅचमेंट नाही.

कोकणपोर्ट | मंगळ, स. ९:२०

मग इंजिनिअरने ड्रॉइंग छापून न्यायचं. तो कागद एसटीत राहिला तर तो कसा पुसणार?

चावीवाला | मंगळ, स. ९:४१

कागदावर एकाच साइटचं ड्रॉइंग असतं, फोनवर कंपनीचे पगाराचे तक्तेसुद्धा असतात. फरक आहे. शिवाय आता २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, एचआरची मेल फिरतीच्या फोनवर कशाला?

बरं, ठेवायचीच असेल तर निदान एवढं करा. सहा आकडी पिन सक्तीचा. चुकीचा पिन ठरावीक वेळा पडला की फोनने स्वतःच पुसायचं. हे नेटशिवाय चालतं म्हणून हेच कामाचं. आयफोनमध्ये दहा चुकांनंतर पुसायचा पर्याय सेटिंगमध्येच आहे, अँड्रॉइडवर एमडीएममधून लावता येतो. अँड्रॉइड १० आणि पुढचेच फोन घ्या, त्यांत साठवण एन्क्रिप्टेडच येते. मेमरी कार्डवर अटॅचमेंट 'सेव्ह' करायला बंदी, कारण कार्ड काढून कुठल्याही लॅपटॉपला लावता येतं. आणि डव्हकॉटमध्ये प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड द्या, म्हणजे एक फोन गेला तर माणसाचा लॅपटॉप बंद पडत नाही.

रेवती_पी | मंगळ, स. १०:००

चावीवाल्यांचा मुद्दा आणि साइट फोल्डर जोडून बघा. इनबॉक्सची लोकल साइझ लहान ठेवा, आठवड्यापुरती. साइट फोल्डर पूर्ण. एचआर आणि हिशोबाची मेल सीव्हने अशा फोल्डरमध्ये जी फोनवर सिंकच होत नाहीत. दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. फक्त अ‍ॅपमधली मर्यादा अख्ख्या अकाउंटला एकच लागते, तेव्हा लहान-मोठं ठरवायचं ते सर्व्हरवर, इनबॉक्समधून जुनी मेल अर्काइव्हला हलवून.

चावीवाला | मंगळ, स. १०:१२

हे चालेल.

निळा पडदा | मंगळ, स. ११:३०

धागाकर्त्याला लागू नाही, पण मायक्रोसॉफ्ट ३६५वाले वाचत असतील तर दोन गोष्टी.

एक, इन्ट्यूनच्या (मायक्रोसॉफ्टच्या एमडीएमच्या) अ‍ॅप प्रोटेक्शन धोरणात 'ऑफलाइन ग्रेस पीरियड' असतो. ७२० मिनिटं ठेवलेली धोरणं खूप दिसतात. माणूस बारा तास नेटबाहेर राहिला की आउटलुक उघडायलाच नकार देतं, मेल फोनवर असूनही. आणि त्याच ठिकाणी ९० दिवसांनी पुसायचाही आकडा असतो. फिरतीवाल्यांचा गट वेगळा करून ही वेळ वाढवा. चावीवाल्यांना मात्र हे आवडेल: ऑफलाइन असतानाही पुसलं जातं.

दोन, आउटलुकमधून वनड्राइव्हवरची फाइल जोडली की बहुतेक वेळा दुवा जातो, फाइल जात नाही. दिसायला अटॅचमेंटसारखीच दिसते. रेंजशिवाय तो दुवा शून्य. पाठवणाऱ्याला 'अटॅच अ‍ॅज कॉपी' शिकवा. ऑफिसात बसलेल्या माणसाला हे पटवणं सर्वात अवघड.

९९३ | मंगळ, दु. १२:१५

अ‍ॅक्टिव्हसिंकचं उत्तर राहिलं.

आधी तुमच्या ३० दिवसांबद्दल. अ‍ॅक्टिव्हसिंकच्या प्रोटोकॉलमध्येच मेलसाठी एक दिवस, तीन दिवस, आठवडा, दोन आठवडे, महिना, नाहीतर सगळी, एवढेच पर्याय आहेत. त्यात महिना हा 'सगळी'च्या आधीचा शेवटचा. कुणी अभ्यास करून ठरवलेला आकडा नाही तो.

अँड्रॉइडला आयमॅपच ठेवा. आयफोनला मात्र अ‍ॅक्टिव्हसिंकचा फायदा आहे. आयफोनच्या मेल अ‍ॅपला साध्या सर्व्हरवर आयमॅप आयडल जमत नाही, तो ठरावीक वेळाने विचारतो. त्यातही 'फेच' 'ऑटोमॅटिकली'वर असेल तर पार्श्वभूमीला तो फक्त चार्जिंग आणि वायफाय असतानाच उतरवतो. साहेब गाडीत, फोन खिशात, मेल सर्व्हरवर. शिवाय किती दिवसांची मेल हा पर्याय तिथे एक्सचेंज पद्धतीच्या खात्यालाच दिसतो.

सोगो हा ग्रुपवेअर सर्व्हर टाका. डव्हकॉटवरच बसतो आणि अ‍ॅक्टिव्हसिंक देतो. 'सोगोमॅक्झिममपिंगइंटरव्हल' आणि 'सोगोमॅक्झिममसिंकइंटरव्हल' दोन्ही ३५४० सेकंद. 'डब्ल्यूओवर्कर्सकाउंट' वाढवा, कारण वाट बघणारा प्रत्येक फोन एक वर्कर (सोगोची एक प्रक्रिया) अडवून बसतो. सहा आयफोन असतील तर वेब वापरणाऱ्यांसाठी जादा धरून पंधरा तरी. आणि समोरच्या अपाची किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा प्रॉक्सी टाइमआउट वरच्या पिंगच्या वेळेपेक्षा जास्त हवा. तो ६० सेकंदांवर राहिला तर फोन मिनिटामिनिटाला नव्याने जोडत बसतो आणि दुपारी बॅटरी संपते.

चाळीस अँड्रॉइडही सोगोवर टाकायचा मोह होईल. टाळा.

उंटावरचा शहाणा | मंगळ, दु. १२:४०

आणि एकदा हे सगळं बसलं की सर्व्हर हलवताना 'यूआयडीव्हॅलिडिटी' (मेलचे क्रमांक, म्हणजे यूआयडी, तेच आहेत याची खूण) सांभाळा. मेलडिर (सर्व्हरवरचा मेलचा साठा) साध्या कॉपीने नेताना 'डव्हकॉट-यूआयडीलिस्ट' फाइल राहिली, किंवा मेल आयमॅपवरून नव्या खात्यात ओतली, की प्रत्येक फोन आपली कॅश टाकून देतो आणि पहिल्यापासून उतरवतो. चाळीस गुणिले तीन जीबी, तेही मोबाइल डेटावर, सोमवारी सकाळी. डव्हएडीएमचं 'बॅकअप' किंवा 'सिंक' वापरा, त्यात यूआयडी टिकतात.

रॅक नंबर २ | मंगळ, सं. ६:०५

सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय: अँड्रॉइडवर आयमॅप, लोकल साइझ ५००, फेच १० एमबी, सिंक इनबॉक्स, साइट आणि सेंट, पुश फक्त पहिल्या दोनांना. साइटला सीव्हची प्रत, एचआर-हिशोब वेगळ्या फोल्डरमध्ये सिंकबाहेर. पोस्टफिक्स २५ एमबी. पिन सहा आकडी. आयफोनसाठी सोगो. डोझचं काम फोन वाटतानाच आम्ही करून देणार, इंजिनिअरवर सोडणार नाही.

एक प्रश्न उरला. फोन देण्याआधी तपासायचं कसं? प्रत्येक वेळी पोफळीला कोण जाणार?

स्पूलर | मंगळ, सं. ६:२०

विमान मोड. पण लगेच नाही. फोन वायफायवर रात्रभर झोपू द्या, अ‍ॅप उघडू नका. सकाळी विमान मोड लावा, वायफाय वेगळं बंद झालंय ना ते बघा, मग फोन रीस्टार्ट करा. आता साइट फोल्डरमधली सर्वात जुनी मेल आणि तिची पीडीएफ उघडा, पूर्ण, शेवटच्या पानापर्यंत. नुसता आयकॉन दिसला म्हणजे उतरली असं नाही. एक मेल लिहून दोन फोटो जोडा आणि पाठवा, ती आउटबॉक्समध्ये दिसली पाहिजे. मग वायफाय न लावता फक्त मोबाइल डेटा चालू करा आणि ती किती वेळात जाते ते बघा.

पीडीएफ उघडायचं अ‍ॅपही आधीच टाका. काही फोनवर मेल असते, फाइल असते, आणि ती उघडणारं अ‍ॅपच नेट मागतं.

कोकणपोर्ट | मंगळ, सं. ६:३१

आणि ड्रॉइंग ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजीत नाही, पीडीएफमध्येच पाठवायचं, हे ड्रॉइंग ऑफिसला लेखी कळवा.

टेबलफॅन | मंगळ, सं. ७:१०

चहाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.